आप्पांचे पहारेकरी

आमच्या निमोण्यात भरलेली गाय गाभण राहिली नाही, तर लोक गाईला शिव्या देत. आप्पा मात्र तिची माफी मागत. गोठ्यात उभे राहून, टोपी काढून, चारचौघांत.

आप्पा जनावरांच्या दवाखान्यात होते. घराणं मेंढक्यांचं. फटफटीच्या मागे नायट्रोजनचा डबा बांधून, त्यातल्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्यांनी गावोगाव गाई भरत हिंडायचे. एकदा कसल्याशा ट्रेनिंगला जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांना दुसरा विषय उरला नाही. "बी समद्यांला दिसतंय, पान्याकडं कोन बघत न्हाई," हे त्यांचं पालुपद.

त्यांचं म्हणणं असं, की वीर्यात बीज थोडं आणि पाणी फार. गाईच्या अंगात पांढऱ्या पेशींचा पहारा असतो. परकं काही शिरलं की त्या तुटून पडतात. बीजही परकंच. तेव्हा ते पाणी पुढं होतं आणि पहारेकऱ्यांना दमानं घ्यायला लावतं. गोठवलेल्या कांडीत हे पाणी पातळ झालेलं असतं, म्हणून आप्पांना कायम अपराधी वाटायचं.

हे त्यांनी लग्नाच्या पंगतीत सांगितलं, न्हाव्याकडे सांगितलं, रांजणगावच्या कंपनीची बस थांबवून ड्रायव्हरलाही सांगितलं. आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला त्यांना पाहुणे म्हणून बोलावण्याची अक्कल माझी. माइकवर त्यांनी 'वीर्य' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की मुख्याध्यापक आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्याच वर्षी माझ्या वहिनीचा गर्भ तिसऱ्यांदा पडला. आईनं ठरवून टाकलं, हिला माहेरी धाडायचं आणि दादाचं दुसरं लग्न लावायचं. दादा मान खाली घालून बसला. मी विज्ञानाचा मास्तर, मीही गप्प बसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

वहिनी पिशवी भरून ओट्यावर उभी होती, जीप यायची होती. तेवढ्यात आप्पा आमची गाय बघायला आले. कुठं निघालीस पोरी, असं त्यांनी विचारलं. उत्तर आईनं दिलं, दोन वाक्यांत.

आप्पा ओट्यावर टेकले. पुन्हा तेच पाणी, तेच पहारेकरी. फक्त आवाज खाली होता. पोर निम्मं बापाचं, म्हणजे आईच्या अंगाला परकंच. ते पाणी त्या अंगाला बापाची ओळख करून देतं. "कवा वळख पटती, कवा न्हाई. त्यात पोरीचा काय गुन्हा? आधी दोघांलाबी डॉक्टरला दावा."

"जनावराचं माणसाला लावू नका, आप्पा," आई म्हणाली.

"आक्का, मीबी असंच केलंय. माझी बायकू दौंडला तिच्या भावाकडं सोडून आलो. तवा ह्यातलं मला काय बी ठावं नव्हतं."

मग जीप आली, आणि आईनंच उठून ड्रायव्हरला परत जायला सांगितलं. वहिनी पिशवी घेऊन आत गेली.

मी आप्पांना गोठ्याकडे घेऊन चाललो होतो. इतकी वर्षं मी त्यांना हसत आलो होतो. आता न राहवून विचारलं, हे तुम्ही तुमच्या बायकोला कधी सांगितलंत का?

"समद्या तालुक्याला सांगितलं, गुरुजी," ते म्हणाले. "तिला सांगायला दोनदा दौंडला गेलो. ती भाईर आली न्हाई."