भंडारीतात्यांच्या टांगलेल्या फेण्या

आमच्या गल्लीत सगळ्यांच्या फेण्या डब्यात असायच्या. भंडारीतात्यांच्या भिंतीला असायच्या. लाल, पिवळ्या, हिरव्या, जांभळ्या. जोत्यापासून कौलापर्यंत माळाच माळा, आणि दारावर त्यांचंच भलंमोठं झुंबर. दिवस रेशनचे. माणसं तांदळासाठी रांगेत उभी, आणि हा माणूस तांदूळ भिंतीला टांगतो! वर त्याला फेण्या म्हटलेलंही चालायचं नाही.

"फेनी न्हवं, बाई. किपिंग."

"तांदूळ भिजवायचा, वाटायचा, पानावर पसरून उकडायचा. मग फेणी नाही तर काय?"

"आमच्या लुकबानात ह्येला किपिंग म्हन्त्यात."

तात्यांचं हे 'आमचं लुकबान' फिलिपाइन्समध्ये होतं. तात्या मूळचे पलूसकडच्या एका खेड्यातले. बोटीवर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी; तेच नाव पुढं चिकटलं. मनिला बंदरात ते टायफॉईडनं पडले आणि बोट त्यांना टाकून पुढं गेली. तिथल्या दवाखान्यात भात रांधणारी एक बाई त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. तिचं नाव आलिंग नेना. आलिंग म्हणजे आपल्याकडं आक्का, म्हणून तात्या तिला नेनाआक्का म्हणत. दुसरी बोट मिळेपर्यंत ते तिच्याच घरी राहिले. नोकरी संपल्यावर कोरेगावात बहिणीकडं आले. बहीण वारली आणि तिच्या घरात तात्या एकटे उरले.

तेव्हापासून कोरेगावची प्रत्येक गोष्ट ते लुकबानला लावून बघत. सोमवारचा बाजार भरला, की "लुकबानात भाजी अशी ढिगानं न्हाईत वतत." वरात निघाली, की "लुकबानात ब्यांड लय ग्वाड वाजतो." गल्लीतली पोरं मुद्दाम विचारत, "तात्या, लुकबानात कुत्री भुंकत्यात का वो?"

"भुंकत्यात की. पर मानूस बघून."

आता माझं सांगते. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवत असे आणि महिला मंडळाची चिटणीस होते. कोणतंही काम यादी केल्याशिवाय हातात घ्यायचं नाही, अशी माझी रीत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची यादी तर मी होळीलाच करी. कलिंगडाचं कमळ, पपईचा मोर, करंज्यांचं तोरण, कैरीची डाळ, पन्हं. मंडळ दर वर्षी घरोघर जाऊन आरास बघे आणि सर्वांत चांगल्या आराशीला चांदीचा करंडा देई. ते करंडे ठेवायला आमच्या फडताळात एक खण मोकळा करावा लागला होता. हे मी कुणाला सांगत नसे. हळदीकुंकवाच्या दिवशी फडताळ उघडं राहील एवढंच बघत असे.

आणि अशात हे तात्या समोर राहायला आले. लुकबानात किपिंगनं घरं सजवायचा एक सण असतो, तो नेमका वैशाखात येतो. तात्यांनी त्यासाठी अक्षय तृतीया धरलेली. आमच्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवसही तोच. माझी मैत्रीण कुमुद माझ्या उंबऱ्यातून आत आली ती मान मागं वळवूनच. गौरीला हात जोडायचे सोडून म्हणते, "लीला, तात्यांचं झुंबर पाहिलंस का गं?"

समोरच्या घराचं झुंबर न पाहायला मी काय डोळे मिटून राहते?

आमच्या घरातूनही मला साथ नव्हती. हे ओसरीत उभे राहून म्हणाले, "ऊन कसं आरपार येतं बघ त्या फेण्यांतून! तू का नाही तसं काही करत?" त्या दिवशी यांच्या ताटात कैरीची डाळ जरा कमीच पडली.

शेवटी वरवंटा मागायच्या निमित्तानं मी तात्यांच्या स्वयंपाकघरात शिरले. बघितल्याशिवाय चूक काढता येत नाही. तात्या पळसाची पानं पुसून त्यांवर रंगीत पीठ ओतत होते. पान असं कलतं करायचे, की पीठ कडेपर्यंत जाई, पण थेंब सांडत नसे. मग वाफेवर. इथवर आमचंच. पण आम्ही फेणी ओली असतानाच सोडवतो. तात्या ती पानासकट थंड करून पानांची थप्पी पाट्याखाली दाबून ठेवत. पुढं वाळून सुटली, की पानाची शीर न् शीर तिच्यावर उमटलेली. जणू पळसालाच लाल, जांभळी पानं फुटली होती.

घरी येऊन दार लावून मी करून पाहिलं. माझं पान आणि माझी फेणी एकमेकांना सोडेनात. रंग विटकरीसारखा झाला. कचऱ्याच्या डब्यात टाकलेल्या त्या फेण्या तात्यांना कशा दिसल्या कोण जाणे, दारातून जाताना म्हणाले, "घाई केलीसा, बाई. पान आपनहून सोडतंय. त्येला वढायचं न्हाई."

अशी दोन-तीन वर्षं गेल्यावर मंडळाच्या काही जणींनी तात्यांचं घरही बघायच्या घरांत धरावं असं सुचवलं. मी नियमावर बोट ठेवलं. आरास बाईनं केलेली हवी.

"असं कुठं लिहिलंय?" कुमुद म्हणाली. "नियम तूच लिहिलेस ना?"

"गौरीपुढं तरी हवी."

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या खिडकीत त्यांच्या बहिणीची पितळेची गौर घासूनपुसून बसलेली! कुमुदनंच जाऊन सांगितलं असणार.

परीक्षक बाई सांगलीहून आल्या होत्या. माझ्या कमळापुढं "छान, छान" म्हणाल्या. तात्यांच्या भिंतीपुढं त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावून बघितलं. तेव्हाच मी ओळखलं. करंडा तात्यांना, आणि चिटणीस या नात्यानं तो द्यायचा मी!

गल्लीभर बायका जमल्या होत्या. पोरांची मनगटं घट्ट धरलेली. आराशीला हात लावला तर रट्टा बसतो, हे आमच्याकडं पोरांना चालता येण्याआधीच कळतं. मी करंडा पुढं केला. तात्यांनी तो हातात फिरवला, झाकण उघडून बघितलं, आणि भिंतीकडं बघून म्हणाले, "नंबर तुमचाच हाय, बाई."

मला वाटलं, जखमेवर मीठ चोळतायत. "तुमचा आहे, तात्या. सगळ्यांनी ठरवलाय."

"तसं न्हवं वो. लुकबानात त्यांच्या शेतकऱ्याच्या द्येवाची मिरवनूक फुडं गेली, का मानसं भिताडावर तुटून पडत्यात. हाताला येईल त्ये तोडायचं, तळायचं, खायाचं. सांजंला ज्येचं भिताड पार उघडं, त्यो पैला. तुमचं डाळीचं पातेलं मगाशी रिकामं बघितलं मी. बायका बोटं चाटत भाईर आल्या. माजं एक पान हाललं न्हाई. कवाच हालत न्हाई."

"मग सांगायचं की, घ्या म्हणून!"

"सांगून घेतलं तर त्यात काय ऱ्हायलं? नेनाआक्का दाराला पाठ करून बसायची. कोन घेतंय त्ये दिसू न्हाई म्हून."

एवढं बोलून ते पायरीवर बसले. आमच्याकडं पाठ करून. हात सारखे धोतराला पुसत होते. उघड्या दारातून मला आतली चूल दिसली. चुलीवर तेलाची कढई, शेजारी वाडग्यात चिंचेचं पाणी, आणि ताटल्यांची उतरंड. एकट्या माणसाच्या घरात एवढ्या ताटल्या!

झुंबराच्या मधोमध एक मोठं लालभडक पान होतं. सकाळपासून माझ्या डोळ्यांत सलत होतं. मी टाचा उंचावल्या आणि तेच तोडलं.

"अगं लीला, आराशीला हात?" कुमुद ओरडली.

"फेण्याच तर आहेत," मी म्हटलं.

"किपिंग," तात्या मागं न बघता म्हणाले.

आत जाऊन मी ते कढईत सोडलं. भसकन फुललं. माझ्या फेण्यांपेक्षा हलकं होतं, हे लिहितानाही जड जातंय. मी बाहेर येऊन सर्वांसमोर कुरकुरीत आवाज करत खाल्लं. मग कुमुदनं एक हिरवं तोडलं. मग बायकांनी पोरांची मनगटं सोडली, आणि पुढं काही विचारू नका.

दिवेलागणीला तात्या रस्त्यात उभे राहून आपली भिंत बघत होते. नुसते दोरे लोंबत होते. येईल त्याला थांबवून दाखवत होते, "बगा, एक बी न्हाई! लुकबानात बी येवढं उघडं कवा बघितलं न्हाई मी."

मी माझ्या ओसरीतून ऐकत होते. मागं माझं कलिंगडाचं कमळ पाकळी न मोडता तसंच उभं होतं. पपईच्या मोराला माशीही शिवली नव्हती. मी आत गेले, विळी घेतली, कमळ कापलं आणि परात भरून दारात आणून ठेवली.

मग दाराला पाठ करून बसले.