नाना आणि उपाशी पट्टा

आमच्या शेजारचे नाना भेटले की नमस्काराच्या आधी तुमची पर्स चाचपतात. पर्स, चप्पल, बूट, काहीही चामड्याचं दिसलं की अंगठा दाबायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "उपाशी शे!" म्हणजे याला तेल लागलेलं नाही. माझ्या नव्या पर्सवर अंगठा ठेवून म्हणाले, "बाई, हाई तर चामडंच नही!" दुकानदाराने मला फसवलं ते असं भर गल्लीत जाहीर झालं. एका लग्नात तर ते मांडवाबाहेर नवरदेवाचे बूट दाबत बसले आणि करवल्यांनी त्यांना चोर म्हणून धरलं. सोडवायला कोण? मीच!

अमळनेरच्या तेलगिरणीत फिटर होते, त्यामुळे तेल पाजायची हौस जुनीच. पण गेल्या दिवाळीनंतर कहरच झाला. चहाच्या टपरीवर बसलेल्या चौघांना त्यांनी उठवलं, बाकडं उचललं आणि पायाखाली टेकण म्हणून घातलेला एक काळा, चिकट तुकडा ओढून काढला.

"शालिकना पट्टा शे हाऊ!"

शालिक आबा म्हणजे नानांचे जिवलग. चाळीस वर्षं नानांची दाढी त्यांनीच केली, याच पट्ट्यावर वस्तरा घासून. मग हात थरथरायला लागला, आबांनी दुकान बंद केलं आणि पारोळ्याला मुलाकडे गेले. जाताना सामान असंच कुठे कुठे देऊन टाकलं. तिथे कुणाशी बोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसतात, असं कानावर यायचं. नाना ऐकायचे आणि विषय बदलायचे.

पट्टा घरी आला. सुरीच्या पाठीने वरचा चहाचा थर खरवडला, ओल्या फडक्याने साबण फिरवला आणि वाळत कुठे घातला? माझ्या दोरीवर, माझ्या धुतलेल्या साड्यांच्या मधोमध! मी म्हटलं, "नाना, तुमच्या गच्चीत ऊन आहे की!"

"उनमा जळी जाई, बाई. तुनाकडे सावली शे."

मग एरंडेलाचे दोन थेंब आणि नुसता तळहात. तेलापेक्षा हाताची ऊब चामड्याला लागते म्हणे. आठ दिवस चोळणं चाललं. नानांचा हात दुखला की पट्टा माझ्याकडे. टीव्हीवरची मालिका बघता बघता मीही चोळत होते, काय सांगू! पण चामडं खरंच मऊ झालं. घडीची रेघ तेवढी राहिली.

रविवारी माझ्या स्कूटीवर मागे बसून नाना पारोळ्याला निघाले. पट्टा टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलेला. एरवी गावभर बडबडणाऱ्या माणसाने वाटभर एकच प्रश्न विचारला, शालिक पट्टा घेईल की फेकून देईल?

आबांनी पट्टा पाहिला आणि हात मागे घेतला. "मना हात कापस. काय करू त्यानं?"

नाना समोर पाटावर बसले, शर्टाचं बटण सोडलं आणि हनुवटी वर केली. "मान मनी शे. तुले काय करनं शे?"

आबा उठले, तेवढी एक जपून ठेवलेली हजामतीची धोकटी उघडून वस्तरा काढला, पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला. फट्‌ फट्‌, फट्‌ फट्‌. आबांची सून स्वयंपाकघरातून धावत आली. दाढी होता होता आबा बोलायला लागले, नानांचे केस डाव्या गालावर कसे उलटे वाढतात ते सांगितलं, अमळनेरात आता कोण कुणाशी भांडतंय, सगळं विचारून घेतलं. तीन ठिकाणी कापलं. नाना हलले नाहीत. तुरटी फिरवताना मात्र ओरडले आणि दोघे म्हातारे हसत सुटले.

घरी आलो तर नानांची सून दारातच. "अगं बाई! कुणी केलं हे?"

"कोन करी? मीच करी दाढी. मनाच हात चुकना," नाना म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना मी कान धरून उभं करते. पण त्या दिवशी म्हटलं, "हो गं, माझ्यासमोरच चुकला."