भित्र्या आक्काच्या कानटोप्या

बेळगावला येणाऱ्या विमानाला उशीर झाला, की ते विमानतळाच्या आधी आमच्या शेजारच्या आक्काला कळतं. सांबऱ्यात आमच्या गल्लीवरून विमानं अगदी खाली येऊन जातात. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. आक्का मात्र घरघर ऐकू आली की चुलीवरचं दूध उतरवते, कोंबड्या झाकते आणि पलंगाखाली शिरते. विमान गेलं की पदर झटकत बाहेर येते आणि भिंतीपलीकडून मला विचारते, "गेलं का रं, सुरेशा? पडलं न्हाय न्हवं?"

आक्का सत्तरीची. गॅसची शेगडी फुटेल म्हणून अजून खोक्यात आहे. एटीएमच्या फटीजवळ हात नेला तर यंत्र तो आत ओढून घेतं, असं तिचं ठाम मत. फोन वाजला की उचलते आणि घाईघाईनं सांगते, "मी घरात न्हाय!" मूलबाळ नाही, नवरा जाऊन वीस वर्षं झाली. "लई भ्या वाटतंय बाबा," हे ती दिवसातून इतक्यांदा म्हणायची, की आम्ही त्याला उत्तर द्यायचं सोडून दिलं होतं.

गेल्या थंडीत बेळगावच्या देसाईबाई गावच्या समाजमंदिरात आल्या. निवृत्त शिक्षिका. त्या आणि त्यांच्या मैत्रिणी मिझोराममधल्या निर्वासित मुलांसाठी मदत गोळा करत होत्या. म्यानमारमध्ये गावांवर विमानांतून बॉम्ब पडले, म्हणून ही मुलं आईबापांबरोबर जंगलातून चालत सरहद्द ओलांडून आली होती. वह्या, रग आणि जमल्यास एखाद्या मुलाच्या शाळेचा खर्च, एवढंच बाईंचं मागणं होतं. आक्का दाराशी बसली होती, पळायला सोपं म्हणून. तिथूनच तिनं विचारलं, "बाई, इमान आलं की ती पोरं कुटं लपत्यात?"

"बाकाखाली," बाई म्हणाल्या. "आता नुसत्या मोटारसायकलच्या आवाजालाही लपतात."

सगळे चुकचुकले. आक्का उठून सरळ पुढं गेली आणि म्हणाली, "मला एक पोरगी द्या."

फॉर्मवर सही करताना तिनं पेन इतकं दाबलं, की कागद फाटला. दुसरा फॉर्म मागवला. तिच्या वाट्याला आली मावी नावाची नऊ वर्षांची मुलगी.

ही बातमी पसरली तसे आमच्या गल्लीतले तम्माण्णा तिच्या दारात आले. त्यांना कायद्यातलं सगळं कळतं, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं. "आक्का, परदेशातली पोरं ती! उद्या पोलीस येतील चौकशीला."

दुसऱ्या दिवशी आक्काच्या घराला आतून कडी. तिसऱ्या दिवशीही. संपलं दान, असं मला वाटलं. खिडकीतून डोकावलो तर ही अंधारात बसून लोकर विणत होती.

"पोलीस आलं का रं?"

"न्हाय, आक्का."

"आलं तर सांग, मी घरात न्हाय," ती म्हणाली आणि पुढचा टाका घातला.

कडी काढली तेव्हा तिच्याकडं सात कानटोप्या होत्या. दुहेरी लोकरीच्या, कानांवर आतून कापूस भरलेल्या. त्या देसाईबाईंना दिल्या तेव्हा बाई चाचरत म्हणाल्या, "आक्का, खरं तर वह्यांची गरज..."

"वह्या कोन बी दील. त्या पोरांचं कान कोन झाकनार?"

मग महिन्याभरानं मावीचा फोटो आला. टोपी भुवयांपर्यंत आलेली, खाली दोन गंभीर डोळे. आक्कानं तो देवाच्या फळीवर ठेवला नाही. उंदीर खातील, अशी भीती. तांदळाच्या डब्यात ठेवला.

पावसाळ्यात सरहद्दीजवळ पुन्हा गोळीबार झाला. मावीची छावणी रातोरात रिकामी झाली. मुलं कुठं गेली ते कुणालाच सांगता येईना, देसाईबाईंचे फोनही तिकडं लागेनात. आक्का अंगणात येऊन उभी राहू लागली. मी उद्यमबागेतल्या कारखान्यातून घरी आलो की तिचा एकच प्रश्न, "बाईंचा फोन?" मी नकारार्थी मान हलवली की ती तोंड फिरवायची. सहाव्या दिवशी डोक्यावरून विमान गेलं. कोंबड्या सैरावैरा पळाल्या. आक्का तिथंच उभी. तिला ते ऐकूच आलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली.

नवव्या दिवशी फोन आला. मुलं डोंगरापलीकडच्या एका गावात, शाळेत होती. मावी सुखरूप होती. पण बोलत नव्हती.

आक्का तडक आमच्या घरी आली. "कागद घे. लिही. बाई तितल्या मान्सांकडनं तिला तिच्या भाषेत वाचून दावतील."

मी लिहायला बसलो.

"पोरी, मला बी लई भ्या वाटतंय. तुझ्याएवढी हुते तवापासनं. भ्या जातंय असं कुनी सांगितलं तर खोटं. भ्यायचं असंल तर भी. पण एकलीनं भिऊ नगंस. कुनाचा तरी हात धर. मी..."

ती थांबली.

"मी काय, आक्का?"

"मला कुनाचा घावला न्हाय," ती म्हणाली. "ते नगं लिहू."

माझी बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिनं कप खाली ठेवले आणि आक्काच्या शेजारी जाऊन बसली.