तळेगावचे तळे रद्द करणेबाबत

जमीन ही अत्यंत बेभरवशाची वस्तू आहे. ती पावसात वाहून जाते, उन्हात भेगाळते आणि भाऊबंदकीत दर पिढीला आकार बदलते. मंजूर झालेला नकाशा मात्र जागचा हलत नाही. म्हणून कोणतंही शहाणं शासन जमिनीपेक्षा नकाशावर विश्वास ठेवतं.

२००४ साली वर्ध्याला आमचा 'नकाशा सुधार कक्ष' सुरू झाला तो याच तत्त्वावर. जुने कागदी नकाशे संगणकावर उतरवायचे, एवढंच काम. सॉफ्टवेअरला बाहेरून एक प्लगिन जोडलं होतं. नकाशात बदल केला की तो गुलाबी दिसे आणि खाली दोन बटणं येत : 'मंजूर' आणि 'रद्द'. मंजुरीपूर्वी प्लगिन चौदा गोष्टी तपासत असे. आकृती बंद आहे का, रंग बरोबर आहे का, क्रमांक दिला आहे का, वगैरे. (ती वस्तू जागेवर आहे का, हा पंधरावा प्रश्न खर्चिक म्हणून वगळला होता.) पहिल्या वर्षात कक्षाने अकरा हजार दोनशे सहा बदल मंजूर केले. रद्द शून्य. एवढी अचूकता जिल्ह्याने त्यापूर्वी पाहिली नव्हती.

काम तिघांचं होतं. मुकेश आकृती काढी, बबनराव तपासत, मी मंजूर करी. मुकेश बिनधास्त काढी, कारण पुढे बबनराव तपासणारच होते. बबनराव तपासत नसत, कारण शेवटी मी पाहणार होतो. आणि मी पाहत नसे, कारण दोघांनी आधीच पाहिलेलं असे. सहकाऱ्याच्या कामात डोकावणं हा आमच्याकडे असभ्यपणा समजला जाई.

एका दुपारी तळेगाव (श्यामजी पंत)च्या कागदी नकाशावर कुणाची तरी कोथिंबीर भरलेली सांबारवडी ठेवली गेली. ('कुणाची तरी' हे चौकशी अहवालातले शब्द. सांबारवडी माझी होती.) तेलाचा लांबट डाग पडला. कागदावर दिसेल ते उतरवायचं, हा नियम. मुकेशने डागाचं दीड हेक्टरचं तळं काढलं, आणि ते चौदाही प्रश्नांत पास झालं.

त्या जागी प्रमिलाबाई राहत होत्या. एकट्या बाईने हिंमत करून पिठाची चक्की आणली होती; पुढचं सगळं त्या चक्कीवर अवलंबून होतं. मीटर मागायला गेल्या, तर वीज कार्यालयाने नकाशा पाहून 'पाण्यात मीटर देता येत नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. दोन एसट्या बदलून त्या आमच्याकडे आल्या.

"साहेब, माह्या घरात तळं हाय म्हन्ता, तं मी हापशीवर पान्याले काऊन जातो जी?"

बबनराव स्क्रीनकडे बघत म्हणाले, "ते तुमचं तुमी पाहा बाई. इथं तं भरलेलं दिसून राह्यलं."

आम्ही निर्दय नव्हतो. कक्षाच्या इतिहासात प्रथमच 'रद्द' दाबलं. प्लगिनने कारण विचारलं. पर्याय तीन : रंग चुकला, तळे दुबार नोंदले, तळे आटले. 'तळे नव्हतेच' हा पर्याय नव्हता. (नसलेलं तळं मंजूर होणारच नाही, तेव्हा ते रद्द करण्याची वेळ येईलच कशी?) आम्ही 'आटले' निवडलं. प्लगिनने आष्टी तालुक्याचा पाऊस तपासला आणि कळवलं : पाऊस सरासरीच्या एकशे चार टक्के; तळे आटणे अशक्य; विनंती नामंजूर.

मग प्रमिलाबाईंच्या घराचं बेट केलं. ते तत्काळ मंजूर झालं. वीज कार्यालयही राजी झालं. अट एकच : रीडिंग घेणाऱ्यासाठी होडी अर्जदाराने पुरवावी.

"होडी आनू कुठून? अन् चालवू कुठं, आंगनात?" एवढं बोलून प्रमिलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मला लाज वाटली. ती कोणत्या रकान्यात भरायची, ते मात्र कळेना.

शेवटी एक नियम सापडला. पाच तिऱ्हाईतांनी तीस दिवसांत 'तळे नाही' अशी सही दिली, तर तळं रद्द होतं. गावचे लोक चालत नाहीत, ते हितसंबंधी. म्हणून वर्ध्याच्या एसटी स्टँडच्या फळ्यावर होडीसकट सगळी हकिकत सांगणारी नोटीस ठळक मराठी अक्षरांत लावली, खाली सह्यांचा कागद आणि दोरीने बांधलेलं पेन. मोजणीला बबनराव बाकावर बसले. (सही त्यांनाही करता आली असती, पण ते ड्युटीवर होते.) फळ्यासमोरून गेले एक लाख ऐंशी हजार. नोटीस पूर्ण वाचणारे चारशे बारा. वाचून खळखळून हसणारे तीनशे नव्वद. सही करणारे शून्य. पेनाला हात लावायची वेळ आली की प्रत्येकाची गाडी फलाटाला लागत असे.

एकतिसाव्या दिवशी प्लगिनने तळं कायम केलं. शेरा : 'जनतेची हरकत नाही.' प्रमिलाबाईंनी चक्की विकली. आता त्या पुलगावला दुसऱ्याच्या चक्कीवर दळण दळतात.

जबाबदारी निश्चित करण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. मुकेश, बबनराव आणि मी, तिघांची नावं लिहून झाली. पण ज्यांना तळं नाही हे कळलं, गंमतही वाटली आणि जे पुढच्या कामाला लागले, त्यांचाही रकाना आहे. तिथे तीनशे नव्वद हा आकडा होता. मघाशी होडीपाशी तुम्ही हसलात, तेव्हा मी तो खोडून तीनशे एक्क्याण्णव केला. बदल मंजूर झाला आहे.