बांगरेकाकांच्या नाण्याची भट्टी

आमच्या सेक्टर दोनमधले बांगरेकाका पाहुण्याला पाण्याच्या आधी विचारतात, "भट्टी कोणती?" म्हणजे तुम्ही मूळचे कुठले. तीस-बत्तीस वर्षं स्टील प्लांटच्या लॅबमध्ये काढलेला माणूस. तिथे प्रत्येक मालावर हीट नंबर, त्यावरून तो कोणत्या भट्टीतून कधी निघाला ते कळतं. "नंबर नाही त्या मालाले गेट नाही," हा काकांचा मंत्र. काकूंना बघायला गेले तेव्हाही म्हणे हेच विचारलं. काकू खाली मान घालून म्हणाल्या, "आर्वी."

रिटायर झाल्यावर काका जुन्या अरबी नाण्यांच्या मागे लागले. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे चांदीचे दिरहम. कडेनं गोल लिहिलेलं असतं, हे नाणं अमुक गावी, अमुक साली पाडलं. "पाह्य, तवा बी लोक हीट नंबर टाकून राहिले होते," काका खूश. त्यासाठी या वयात ती बिनटिंबांची जुनी अरबी लिपी शिकले. मीही एकदा घरातलं एक जुनं नाणं मोठ्या ऐटीत नेलं. काकांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "बाबू, हे पंख्याचं वायसर आहे."

काका प्रत्येक नाणं कागदाच्या पुडीत ठेवतात आणि वर ते पाडलेलं गाव लिहितात, 'भट्टी: वासित', 'भट्टी: बसरा'. एकाच पुडीवर भट्टीपुढची जागा कोरी होती. ती पुडी रिकामीच; तिचं नाणं काकूंच्या गळ्यात, आणि या वेडाचं मूळच ते. काकूंना त्यांच्या आईनं दिलेलं, काळ्या दोऱ्यात ओवलेलं. साल वाचता यायचं, पण गावाच्या नावावरच नेमकी दोरा ओवायची कडी डाखलेली. काकू पोळ्या लाटायच्या आणि काका त्यांच्या गळ्याशी भिंग धरून म्हणायचे, "हालू नको."

"अहो, दार उघडं आहे," काकू म्हणायच्या. पण नाणं काही काढून दिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. मग नागपूरच्या एका जाणकारानं कळवलं, कडी काढून गावाचं नाव वाचा, नाणं दुर्मिळ दिसतं, तुमच्या नावानं आमच्या नाण्यांच्या मासिकात छापू. काकांना आठवडाभर झोप नव्हती. मीच त्यांना स्कूटरवर सोनाराकडे नेलं.

"दो मिनट का काम है, अंकल. बस, धागा निकाल दीजिए."

काका नखानं गाठ सोडवू लागले. काकूंनी मारलेली गाठ, ती कसली सुटते! सोनारानं कैची पुढे केली. काकांनी ती हातात घेतली, जरा वेळ तशीच धरली आणि परत दिली.

"राहू दे," म्हणाले. "चाल बाबू, घरी."

मला राग आला. इतकी वर्षं डोळे फोडले ते कशासाठी? घरी आल्यावर काकांनी दोरा गळ्यात घातला, नाणं बनियनच्या आत सोडलं. मग ती रिकामी पुडी पुढे ओढली, चष्मा पुसला आणि कोऱ्या जागी सावकाश लिहिलं.

'भट्टी: आर्वी.'