कामरगावचं कांदाहरण

माझ्यासारखा गुप्तहेर अख्ख्या वऱ्हाडात नाही. दुसरं कुणी हा धंदा करत नाही, हे त्यामागचं एक किरकोळ कारण असू शकेल. माझी बायको सुंदरबाई म्हणते, "प्रेमसिंगले समोरचं सोडून सारं दिसते." बायकोकडून एवढं कौतुक कितीजणांच्या वाट्याला येतं?

महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या वैशाखात कामरगावी माझा दोस्त रऊफ याच्या मुलीचं, लतीफाचं, लग्न होतं. दिवस मावळता इंझोरीहून बरात यायची होती. सालनाच्या रश्शासाठी आणलेल्या कांद्यांचा ढीग अंगणात दाराशीच ओतला होता. दुपारी आचारी गफ्फार चुलीजवळून ओरडला, "अबे, कांदे कमी होऊन राह्यले!"

रऊफने कपाळ धरलं. "पातळ सालन वाढलं तं पोरीले सासरी जन्मभर ऐका लागन."

"मी हाये ना," मी म्हणालो. त्याने कपाळ आणखी घट्ट धरलं.

पहिला संशय बकरीवर. मी तिच्या तोंडाचा वास घेतला. तोंडाला बकरीचाच वास येत होता, म्हणजे जनावर बेरकी होतं. मग मी एकेकाला विचारलं, कांदे घेतले का; सगळे नाही म्हणाले. तेव्हा माझा शेजारी धनसिंग याला चार माणसं देऊन बाजाराकडे पिटाळलं. ती हात हलवत परतली आणि ढीग आणखी खचला. मी दुप्पट माणसं विहिरीकडे, शेतांकडे, नाल्याकडे धाडली. ढीग आणखी खचला. निष्कर्ष उघड होता: तपासाला घाबरून चोर घाईवर आला होता.

आता विचार करा. सगळे बाहेर गेले असता अंगणात उरतो कोण? मी बोट रोखलं. "गफ्फार!"

गफ्फारने झारा खाली ठेवला. "माह्या बापाच्या हातचं या गावानं खाल्लं, माह्या हातचं खाल्लं. आन आज तू मले चोर म्हनतं?" तो शांतपणे चपला घालायला लागला. चुली तशाच धगधगत राहिल्या. रऊफचं तोंड पाहून मला पहिल्यांदा वाटलं, की आपण दुसरा धंदा करायला हवा होता.

तेवढ्यात रऊफची बहीण जैतुनबी नवरीला मेंदी लावायची सोडून बाहेर आली.

"धनसिंग, पागोटं सोड."

पागोट्यातून कांदा पडला. दुसऱ्याच्या खिशातून दोन, तिसऱ्याच्या कमरेच्या ओच्यातून तीन.

मी गरजलो, "इचारलं तवा नाही काहून म्हनले?"

"कांदे कुठी घेतले?" धनसिंग गोंधळला. "ऊन लागू नये म्हनून संगं ठेवले."

आमच्याकडे वैशाखात कांदा जवळ ठेवल्याशिवाय कुणी उन्हात पाऊल टाकत नाही, आणि त्याला घेणं म्हणत नाहीत. पाणी प्यायलं तर कुणी चोरलं म्हणतं का? आधीचा कांदा उन्हाने पोळला म्हणून दर फेरीला नवा उचलायचा. चोर पकडायला मी जितकी माणसं धाडली, तितका ढीग मीच उपसला होता.

जैतुनबी माझ्या फेट्याकडे पाहत राहिली. मी तो सोडला. चार निघाले. तपास करणाऱ्याच्या डोक्याला ऊन जास्त लागतं.

पण गफ्फारच्या पायात चपला तशाच होत्या. "चुकलो, गफ्फारभाई," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

"मंग बस इथं," तो म्हणाला. "सारे कांदे तूच सोल, तूच चिर."

चुलीच्या धगीत मी चिरत बसलो. डोळ्यांतून धार, कपाळावरून धार, दोन्ही थेट परातीत. पुसायला हात मोकळा नव्हता.

रात्री बरात जेवली. नवऱ्या मुलाचा मामा फय्याज बोटं चाटत उठला. "असं सालन कधी खाल्लं नाही. मीठ तं काय नेमकं पडलं!"

गफ्फार माझ्याकडे बघत म्हणाला, "मीठ टाकाचं तं रुसव्यात राहूनच गेलं."

फय्याजला ते ऐकू गेलं नाही. "आमच्या घरी पुढचं लगन हाये. तुमालेच या लागते."

"येतो की," गफ्फार म्हणाला. "पन कांदे चिराले प्रेमसिंगच पाह्यजे. आन लगन उन्हाळ्यातच ठेवा."