समुद्रापलीकडचे दाखले

विद्यापीठाच्या डीन मार्गरिटने त्या छोट्या जर्नलच्या संपादकाला सरळच सांगून टाकलं. "लीथ, तुमचे लेख लोक वाचतात की नाही, देव जाणे. पण स्वतःच्या लेखांत त्यांचा दाखला कुणी देत नाही. यंदा दाखले वाढले नाहीत, तर जर्नल बंद."

लीथ हॅडोने उभी हयात कॅनबेरात बसून आंतरराष्ट्रीय संबंधांवरचे दुसऱ्यांचे लेख घासूनपुसून छापण्यात घालवली होती. त्याला स्वतःला काय वाटतं, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यातच ऐन छपाईच्या तोंडावर एका लेखकाने लेख मागे घेतला. पानं कोरी जायला नकोत म्हणून लीथने आपलं एक जुनं भाषण तिथे ढकललं. शेजारी देशांच्या मध्ये समुद्र असला की त्यांची भांडणं होत नाहीत, असा त्याचा सिद्धांत होता.

आणि दाखले भराभर वाढू लागले. सुवा, आपिया, वेलिंग्टन, समुद्रापलीकडच्या विद्यापीठांत जिकडेतिकडे हॅडो. गडी हवेतच तरंगू लागला. त्याने सकाळच्या चहाला विभागात सगळ्यांसाठी मलई-फळांचा पाव्हलोवा मागवला आणि मार्गरिटलाही बोलावलं.

बश्या मांडता मांडता त्याची सहायक नोरीन म्हणाली, "ते दाखले वाचलेस का तू?"

"आकडा बघितला."

"सुवावाले म्हणतात, हॅडोंनी समुद्र फक्त नकाशात पाहिलेला दिसतो. आपियावाले विद्यार्थ्यांना सांगतात, कसं लिहू नये ते शिकायचं असेल तर हॅडो वाचा."

लीथ खुर्ची ओढून बसला. "पण समुद्रापलीकडच्यांशी आपलं कुठे भांडण आहे?"

नोरीन मूळची न्यूझीलंडची. "हा पाव्हलोवा कुणाचा?" तिने विचारलं.

"आमचा. ऑस्ट्रेलियाचा."

"आमचा आहे. तुम्ही ढापलात."

"काहीतरीच काय. तुम्हा लोकांना तर..." इथे लीथला आपला सिद्धांत आठवला.

"मी लेख मागे घेतो," तो म्हणाला.

"घे की. दाखले जातील, जर्नल जाईल, मागोमाग माझी नोकरी."

तेवढ्यात मार्गरिट आली. तिने पाव्हलोवाचा चांगला मोठा तुकडा घेतला. "शाब्बास लीथ. पुढच्या वर्षीही असेच दाखले दिसू देत, म्हणजे जर्नलला धोका नाही."

"अगं, पण लोक मला मूर्ख ठरवतायत."

"त्याला आमच्या तक्त्यात रकाना नाही," ती म्हणाली आणि दुसरा तुकडा घेऊन गेली.

पुढच्या वर्षाची सोय वेलिंग्टनच्या प्राध्यापक हिनेमोआ पराटाने आपणहून केली होती. हॅडोंचं खंडन करायला ती मित्रमंडळींना घेऊन अख्खं पुस्तक काढत होती. पानोपानी त्याचाच उद्धार. लीथने मन घट्ट केलं आणि वाट पाहू लागला.

एका दुपारी तिचा फोन आला.

"लीथ, तुझा लेख पुन्हा शांतपणे वाचला रे. तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे. पुस्तक रद्द करावं म्हणते."

'तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे' हे वाक्य लीथला उभ्या जन्मात कुणी ऐकवलं नव्हतं. समोर नोरीन टाइप करायची थांबून त्याच्याकडे बघत होती.

"हिनेमोआ, घाई करू नकोस," तो म्हणाला. "आधी वाचलंस तेव्हाच तुला बरोबर कळलं होतं. मी साफ चुकलोय. पुन्हा एकदा वाच, आणि या वेळी जरा रागाने."